सतराचा पाढा

सावद्याच्या बसस्टँडमागं, केळीच्या काट्याला लागून
माझं दुकान : रिचार्ज, टफन ग्लास, झेरॉक्स,
आणि पाटीवर पुसट उरलेली एक ओळ,
मेमरी कार्ड भरून मिळेल.
आता कोण भरतंय. गाणी हवेतून येतात.
तरी त्या ओळीवर मी रंग मारलेला नाही.

सुभान तडवी आला दुपारी तीनला.
बाहेर ट्रक उभा, केळीच्याच पानांनी झाकलेला,
परवा पहाटेपर्यंत दिल्लीला टेकवायचा माल.
एका हातात नवा फोन, काचेवरचं प्लास्टिक अजून न काढलेला.
दुसऱ्या हातात तंबाखूची डबी.
डबीतून, चुन्याच्या शेजारून, निघालं
नखाएवढं काळं कार्ड.
'हे याच्यात घालून दे.'

फोन फिरवून फिरवून पाहिला.
'भाऊ, याला कार्डाची खाचच नाही.'
तो माझ्याकडं असा बघत राहिला
जशी ती खाच मीच बुजवली.

मग वायर काढली.
वायर लावली की फोन म्हणतो, फक्त चार्जिंग.
हे मी रोज दहा जणांना सांगतो :
वरचा पडदा बोटानं खाली ओढायचा,
तिथं बारीक अक्षरांत विचारलेलं असतं
या वायरीचं करायचं काय ?
उत्तर नाही दिलं तर तो नुसती वीज पीत बसतो,
आत काही घेत नाही.

कार्ड उघडलं. फोल्डर मीच पाडलेले, अकरा वर्षांमागे :
कव्वाली, अहिराणी कॉमेडी, लग्नाचा बँड,
रात्रीची, रात्रीची दोन.
सातशे फाइली. निम्म्या कुजलेल्या,
नाव आहे, आवाज नाही.
'सगळं घेऊ ?'
'गाणे राहू दे. गाण्यानं मले झोप लागते.
ते शेवटचं घे. पोरीचं.'

फाइलीला नाव नव्हतं, नुसते आकडे.
बावीस सेकंद.
धुरकट भिंत, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला,
आणि सतराचा पाढा :
सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट,
पंच्याऐंशी, एकशेदोन,
एकशेछत्तीस...

माझा हात माउसवरून सुटला.
'एक गाळला हिनं.'
'माहीत आहे. म्हणून तर.'

'शिवपुरीच्या पुढं रात्री तीनला
रस्ता सरळ होतो आन् डोळे वाकडे.
तवा हे लावतो. ती एकशेदोनवर आली
की मी काचेवर वरडतो, एकशेएकोणीस !
किन्नर दचकून उठतो.
मीबी.'

म्हटलं, पोरीकडून पुन्हा म्हणवून घ्या,
जोडून देतो मी, सांधा दिसणार नाही.
'ती आता जळगावले नर्सिंगले आहे.
सगळं बरोबर म्हणते.
बरोबरचा मले काय उपेग ?'

हिरवी पट्टी सरकली, पुरती दिसलीसुद्धा नाही.
पण नव्या फोनच्या गॅलरीत काहीच नाही.
होतं असं. आलेलं असतं, दिसत नाही.
बंद करून चालू केला की त्याला आठवतं.
तेवढ्यात सुभान बाहेर जाऊन
सगळ्या टायरांना एकेक लाथ घालून आला.
बावीस सेकंद जागेवर होते.

वीस रुपये झाले.
कार्ड त्यानं पुसलं, शर्टाच्या टोकानं,
आणि परत चुन्याशेजारी ठेवलं.
नव्या फोनचं प्लास्टिक तेवढं काउंटरवर राहिलं.

संध्याकाळी शटर ओढत होतो.
शेजारी काट्यावर हमाल घड मोजत होते,
एकाच्या तोंडी आकडा, दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं :
शंभर,
एकशेएक,
एकशेदोन,

शटर अर्ध्यावर धरून
मी ओरडलो.
हमालाचा आकडा चुकला.
त्यानं शिवी दिली,
आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.